खिडकीवाली चिप आणि नमुना नग: खान्देशातल्या नव्या संग्राहकासाठी

भंगाराच्या ढिगात जुनं इलेक्ट्रॉनिक कार्ड आलं आणि त्यावर पांढऱ्या सिरॅमिकची, सोनेरी झाकणाची चिप असली, तर ती तिथे फार दिवस टिकत नाही. आपलं जळगाव तर सोन्याचं गाव. सोनेरी दिसणाऱ्या वस्तूकडे इथे कसं बघितलं जातं ते वेगळं सांगायला नको. असे नग आधी वेगळे काढले जातात, काट्यावर तोलले जातात आणि सोनं काढणाऱ्याकडे जातात. त्या चिपवर काय छापलं होतं, ती कुठल्या यंत्रात बसली होती, कुणी तिच्या पाठीवर पेनानं काय लिहिलं होतं, हे तेजाबात पडल्यावर कुणालाच कळत नाही. एका नगावर सोनं म्हणजे नुसता मुलामा. तो नग एखाद्या कंपनीच्या पहिल्या नमुन्यांपैकी असेल, तर मात्र तसे दुसरे मोजकेच उरलेले असतात.

हा लेख ज्यांनी अजून एकही चिप जमवलेली नाही त्यांच्यासाठी आहे. ८०५१ ही चिप कॉलेजात शिकलेल्यांना काही भाग ओळखीचा वाटेल. बाकीच्यांनी घाबरू नये. मल्टिमीटर, भिंग, वही आणि चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते.

नमुना नग म्हणजे नेमकं काय

प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय हे सगळं एकाच चिपमध्ये असलं की तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० बाजारात आला १९७४ साली, इंटेलचा ८०४८ आला १९७६ मध्ये आणि ८०५१ आला १९८० मध्ये. या चिप्समधला प्रोग्रॅम मास्क रॉममध्ये, म्हणजे कारखान्यात चिप घडतानाच कोरला जायचा. एकदा ऑर्डर दिली की हजारो नग तोच प्रोग्रॅम घेऊन यायचे आणि त्यात एक चूक निघाली तरी अख्खा लॉट वाया. म्हणून ऑर्डर देण्याआधी प्रोग्रॅम बदलून बदलून तपासता येईल अशा वेगळ्या चिप्स लागत. आपण शोधतो त्यातल्या बहुतेक वस्तू या एका गरजेतून जन्मल्या आहेत.

त्यांचे प्रकार नीट वेगळे ओळखा, कारण विकणारा सगळ्यांनाच प्रोटोटाइप म्हणतो.

पहिला प्रकार खरा नमुना नग. चिप बनवणाऱ्या कंपनीनं विक्री सुरू होण्याआधी, चाचणी पूर्ण न झालेली, निवडक ग्राहकांना दिलेली चिप. सगळ्यांत दुर्मिळ हाच.

दुसरा प्रकार विकासासाठी बनवलेल्या खास आवृत्त्यांचा. झायलॉगच्या झेड८ कुटुंबातला झेड८६०३ किंवा मॉस्टेकचा एमके३८पी७० पाहा. खाली नेहमीचे ४० पाय आणि चिपच्या पाठीवर चक्क एक बेस, म्हणजे दुसरी चिप खोचायचा सॉकेट. त्या बेसमध्ये २७१६ सारखी मेमरी बसवायची, यंत्र चालवून बघायचं, चुकलं तर मेमरी काढून दुसरी लावायची. हिताचीनंही एचडी६३पी०१ या नावानं अशी चिप काढली होती. याच प्रकारात बाँड-आउट चिप्स येतात. इम्युलेटर, म्हणजे चिपच्या जागी जोडून तिचं काम तपासणाऱ्या यंत्रासाठी बनवलेल्या या चिप्समध्ये एरवी आत दडलेल्या तारा जादा पायांवर बाहेर आणलेल्या असतात. ओळखीच्या क्रमांकाच्या चिपला ४० ऐवजी भलतेच जास्त पाय दिसले, तर कार्ड हातातून सोडू नका.

तिसरा प्रकार खिडकीवाल्या चिप्सचा: ८७४८, ८७४९, ८७५१, मोटोरोलाचे ६८७०५, मायक्रोचिपचे जेडब्ल्यू प्रत्ययाचे पीआयसी. वर क्वार्ट्झ काचेची गोल किंवा चौकोनी खिडकी, तिच्यातून अतिनील प्रकाश टाकला की आतला प्रोग्रॅम पुसला जातो. कंपनीच्या दृष्टीनं हा विक्रीचाच माल, पण त्याच्या आत कुणाच्या तरी यंत्राचा पहिला प्रोग्रॅम असू शकतो. खान्देशात नवख्याच्या हाती लागण्याची सगळ्यांत जास्त शक्यता याच प्रकाराची.

चौथा प्रकार मेकॅनिकल सॅम्पल. आत चालू सर्किट नसतंच. कार्डावर भाग बसवणारी यंत्रं जुळवून घ्यायला हे डमी नग वापरत. संग्रहात शोभतो, पण भाव लावताना भान ठेवा.

लिखाण वाचायला शिका

चिप हातात आली की आधी तिच्यावरची प्रत्येक ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा. अर्थ नंतर लावा.

इंटेलच्या क्रमांकाआधी येणारं अक्षर आवरणाचं असतं. सी म्हणजे पांढरं किंवा करडं सिरॅमिक आणि बाजूला जोडलेले पाय, डी म्हणजे दोन सिरॅमिक तुकड्यांमध्ये काच वितळवून जोडलेलं आवरण, पी म्हणजे काळं प्लास्टिक. मोटोरोला हेच क्रमांकाच्या शेवटी सांगते: एल सिरॅमिक, पी प्लास्टिक. टेक्सासमध्ये जे सिरॅमिक आणि एन प्लास्टिक. सुरुवातीचे नग बहुधा सिरॅमिकमध्येच मिळतात, कारण थोड्या नगांसाठी प्लास्टिक ओतण्याचा खटाटोप परवडत नसे. पण सिरॅमिक दिसलं म्हणजे नमुना नग, हे समीकरण उलटं लावू नका. लष्करी आणि जास्त तापमानात चालणारा नेहमीचा मालही सिरॅमिकमध्येच यायचा.

आता नमुन्याच्या खऱ्या खुणा. मोटोरोलाच्या नेहमीच्या मालावर एमसी असतं. एक्ससी असेल तर तो पूर्ण मान्यता मिळण्याआधीचा नग. टेक्सासच्या टीएमएस३२० घराण्यात तीन पायऱ्या सरळ नावात दिसतात: टीएमएक्स प्रायोगिक, टीएमपी नमुना, टीएमएस पक्का माल. पुढच्या एमएसपी४३० मध्ये एक्सएमएस असेल तर तो प्रायोगिक. इंटेलच्या नमुन्यांवर ईएस अशी अक्षरं किंवा क्यूनं सुरू होणारा क्रमांक सापडतो. विक्रीच्या मालावर त्या जागी एसनं सुरू होणारा क्रमांक येतो. काही नगांवर छापील नाव नसतंच, फक्त हातानं लिहिलेला आकडा किंवा झाकणावर ओरखडून काढलेली खूण असते. असा नग फेकायचा नाही आणि लगेच नाचायचंही नाही. तो कुठून आला हे कळेपर्यंत त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

तारखेचा कोड बहुधा चार आकडी असतो. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८४२३ म्हणजे १९८४ चा तेविसावा आठवडा. इथे नवा माणूस हमखास फसतो, कारण आपल्या चिप्सचे क्रमांकच तारखेसारखे दिसतात. ८७४८ वाचून तो म्हणतो, १९८७ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. ८०५१ सुद्धा १९८० चा एक्कावन्नावा आठवडा वाटू शकतो. उपाय सोपा: आधी चिपचा क्रमांक कोणता ते ठरवा आणि मग उरलेल्या आकड्यांत तारीख शोधा. शेवटचे दोन आकडे ५३ च्या वर गेले तर ती तारीख नाही. इंटेलच्या बऱ्याच नगांवर चार आकडी कोड नसतो. लॉट क्रमांकात एका अक्षरानंतर वर्षाचा शेवटचा आकडा आणि मग दोन आकडी आठवडा येतो. दशक कोणतं ते आजूबाजूच्या चिप्सवरून काढावं लागतं.

इंटेलच्या नावाशेजारी ८० असं वर्ष छापलेलं दिसलं की लोक १९८० चा नग म्हणून मिरवतात. ते आराखड्याच्या मालकी हक्काचं वर्ष. चिप १९८८ मध्ये बनली तरी तिच्यावर तेच वर्ष राहतं.

खिडकीतून काय दिसतं

सराफ बाजारात दागिन्याचा छाप बघायला वापरतात ते दहा पट भिंग या कामाला उत्तम. जळगावात ते सहज मिळतं. दिव्याचा प्रकाश तिरपा पाडा आणि खिडकीतून आत बघा. नुसती मेमरी असेल तर जवळजवळ सगळा भाग एकसारख्या बारीक जाळीनं भरलेला दिसेल. मायक्रोकंट्रोलर असेल तर जाळी एका कोपऱ्यात किंवा एका बाजूला राहते आणि बाकीच्या जागेत वेडीवाकडी, दाट रचना दिसते. कडेला कंपनीचं नाव, वर्ष आणि मास्कचा क्रमांक कोरलेला सापडला तर तो वहीत लिहा. वरची छपाई खोटी करता येते, ही नाही.

खिडकीवाल्या सगळ्याच चिप्स मायक्रोकंट्रोलर नसतात. २४ किंवा २८ पायांच्या २७१६, २७३२, २७६४, २७१२८ या मेमरी आहेत आणि जुन्या कार्डावर त्याच जास्त सापडतात. ४० पायांची खिडकीवाली दिसली की जीव हरखतो, पण तिथेही एक फसवी चिप आहे: ८७५५. ही ८०८५ या प्रोसेसरच्या जोडीला लागणारी मेमरी आणि पोर्टची चिप. कॉलेजांमधल्या जुन्या ८०८५ ट्रेनर किटवर ती सापडू शकते. अंग ८७५१ सारखं, खिडकी तशीच, आणि आत प्रोसेसर नाही. ५५ वा आठवडा नसतोच, त्यामुळे निदान तारखेचा घोळ तरी तिच्याबाबत होत नाही.

खान्देशात शोधायचं कुठे

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याचा जुना बाजार आधीच चाळून झालेले आहेत. तिथे विकणाऱ्याला माल कळतो आणि भावही कळतो. आपल्याकडचा फायदा असा की इथली यंत्रं बरीच वर्षं चालवली गेली, दुरुस्त केली गेली आणि कार्डं सुट्या भागांसाठी कपाटात ठेवली गेली.

सगळ्यांत आधी जुने दुरुस्ती करणारे गाठा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडच्या परिसरात आज मोबाइलचीच दुकानं डोळ्यांत भरतात, पण त्यातल्या कुणाचे वडील किंवा काका टीव्ही, ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज), काटे, एसटीडी बूथची बिलिंग यंत्रं दुरुस्त करायचे का, हे विचारा. नव्वदच्या दशकात गावोगाव एसटीडीचे पिवळे बूथ होते आणि त्यांच्या बिलिंग यंत्रांत ८०३१ (आत प्रोग्रॅमची मेमरी नसलेला ८०५१) किंवा ८०५१ घराण्याच्या चिप्स असत. माळ्यावरच्या खोक्यात त्यांची कार्डं अजून मिळू शकतात.

दुसरं ठिकाण एमआयडीसी. जळगावात पाइप, चटई आणि डाळमिल, जिल्हाभर जिनिंग, शिरपूर-धुळे-नंदुरबारकडे सूतगिरण्या. या यंत्रांचे जुने कंट्रोलर बऱ्याचदा छोट्या कारखानदारांनी दहा-वीस नगांच्या हिशेबानं बनवलेले असत. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनशी ओळख करा, मालकाशी नंतर बोला. खराब कार्ड कुठल्या कपाटात पडलं आहे हे इलेक्ट्रिशियनलाच माहीत असतं. दूध संघांची फॅट मोजणारी जुनी यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटेही याच रांगेत.

तिसरं ठिकाण पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा. तिथला माल डेडस्टॉक रजिस्टरवर असतो. निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं, होऊन लिलाव झाल्याशिवाय एक चिपही हलवता येत नाही आणि हलवूही नये. प्रयोगशाळा सहायकाला रीतसर भेटा आणि निर्लेखन कधी होणार ते विचारा. तोवर त्या रजिस्टरमधली नोंद बघायला मिळाली तर तीच लिहून घ्या: किट कधी आलं, कुणाकडून आलं. चिपची जन्मतारीख एवढी स्पष्ट दुसरीकडे कुठे मिळत नाही.

चौथं भंगारचं गोडाऊन. तिथे पहिल्याच भेटीत "हाई काय कामनं शे भाऊ?" असा प्रश्न येणार. खरं सांगा. जुन्या चिप्स जमवतो, विकायला नाही, ठेवायला. सोनेरी आणि खिडकीवाला माल कार्डासकट बाजूला ठेवा, तोडू नका, भंगारच्या भावापेक्षा जास्त देतो, एवढं नीट बोला आणि शब्द पाळा. महिन्यातून एकदा चक्कर मारा. काही मिळालं नाही तरी चहा घेऊन या. पुढच्या वेळी फोन तिकडून येतो. तेजाबात चिप्स टाकून सोनं काढण्याचा उद्योग मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी स्वतः करू नका. त्याच्या वाफा फुप्फुसाला जाळतात आणि उरलेलं पाणी जमिनीत मुरतं.

दोन ठिकाणी हात आखडता घ्या. भुसावळचं रेल्वेचं, वरणगावच्या आयुध निर्माणीचं किंवा दीपनगरच्या वीज केंद्राचं म्हणून सांगितलेलं कार्ड लिलावाच्या कागदाशिवाय घेऊ नका. आणि वीज मीटर उघडू नका, फुकट दिला तरी. मीटर वीज कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्याला हात लावणं गुन्ह्यात बसतं.

मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडचा, म्हणजे एससीएलचा छाप असलेली कुठलीही चिप दिसली तर ती मायक्रोकंट्रोलर नसली तरी घ्या. त्या सरकारी कारखान्यानं १९८४ मध्ये उत्पादन सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत तो जळाला. त्या पाच वर्षांतला माल आपल्या देशाच्या चिपनिर्मितीचा पुरावा आहे, आणि तो परदेशी संग्राहकानं जपण्याआधी आपण जपायला हवा.

चिप काढण्याआधी

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा भाग विसरू नका. नमुना नग बहुतेक वेळा त्याच्या तोंडावरून सिद्ध होत नाही. तो कोणत्या कार्डावर होता, ते कार्ड कोणत्या यंत्रात होतं आणि ते यंत्र कुणाकडे होतं, यावरून सिद्ध होतो. कार्डावरून चिप उपटली की अर्धा पुरावा गेला.

म्हणून आधी अख्ख्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग हे बघा. कार्ड हिरव्या लेपाचं, छापील नावांचं आहे, की ठिपक्यांच्या जनरल पर्पज पाटीवर हातानं तारा ओढलेल्या आहेत? छापील कार्डावर नंतर डकवलेल्या जंपर तारा आहेत का, कुठे ट्रॅक ब्लेडनं कापलेला आहे का? बाकी सगळ्या चिप्स थेट सोल्डर केलेल्या आणि एकटा मायक्रोकंट्रोलर बेसमध्ये आहे का? या खुणा सांगतात की कुणीतरी या कार्डावर प्रयोग करत होतं.

८०५१ घराण्यात एक तपासणी मल्टिमीटरनं करता येते. वीज जोडू नका, फक्त कंटिन्युइटी लावा. चिपचा ३१ नंबरचा पाय ४० नंबरशी, म्हणजे पाच व्होल्टशी जोडलेला असेल तर यंत्र चिपच्या आतला प्रोग्रॅम चालवत होतं. तोच पाय २० नंबरशी, म्हणजे ग्राउंडशी जोडलेला असेल तर प्रोग्रॅम बाहेरच्या मेमरीत आहे. कार्डावर ८७५१ आहे आणि ३१ नंबर ग्राउंडला आहे, तर बहुधा कुणा मिस्त्रीनं ८०३१ मिळाला नाही म्हणून हाताशी होता तो नग लावला. चिप चांगलीच, पण तिला कुठल्या यंत्राचा पहिला नमुना म्हणू नका. शेजारी ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला ठेका देणारा भाग) दिसला तर ते यंत्र बहुधा दुसऱ्या संगणकाशी किंवा प्रिंटरशी तारेवरून बोलत होतं. त्या आकड्यातून ९६०० सारखा वेग बिनचूक निघतो, म्हणून तो वापरत. हेही वहीत.

दुसरी बाजूही सांगतो. थोडेच नग बनवणारे कारखानदार विक्रीच्या मालातही खिडकीवाली चिपच लावत, कारण हजारोंची मास्क ऑर्डर त्यांना कधी परवडणारच नव्हती. त्यामुळे खिडकी हा प्रोटोटाइपचा पुरावा नाही. एकाच यंत्राची दोन कार्डं मिळाली आणि एकावर खिडकीवाली, दुसऱ्यावर प्लास्टिकची चिप असेल, तर बोलायला जागा आहे.

खिडकीवरची चिकटपट्टी सोन्यासारखी जपा. एका कार्डावरची नोंद कशी दिसते पाहा: "पांढरा कागद, निळं बॉलपेन, इंग्रजी व्ही १.२, खाली चार अक्षरी चेकसम, कोपऱ्यात १४/३. कार्ड चटईच्या यंत्रातलं, इलेक्ट्रिशियनच्या सांगण्यावरून यंत्र १९९१ च्या आसपास घेतलेलं. ३१ नंबर पाच व्होल्टला. बेसवर." चेकसम म्हणजे प्रोग्रॅम बरोबर उतरला का ते तपासायची बेरीज. एवढ्याशा नोंदीनं एक साधी डी८७५१एच चिप संग्रहातली वस्तू होते. पट्टीचा गोंद आपल्याकडच्या मे महिन्यात सुकून पापुद्र्यासारखा सुटतो. ती सोलू नका. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा आणि त्यावरून कागदी टेप लावा.

शक्य असेल तर चिप काढूच नका, कार्डच ठेवा. जागा कमी असेल आणि चिप बेसवर असेल तर चपट्या पेचकसानं एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, अर्धा-अर्धा मिलिमीटर उचला. एका बाजूनं उचकटली की दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात आणि सिरॅमिक नगाचे वाकलेले पाय सरळ करताना मुळातून तुटतात. सोल्डर केलेली असेल तर नवख्यानं आधी फालतू कार्डावर डिसोल्डर पंपाचा हात बसवावा. सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झाल्यावर साबणानं हात धुवा. सिरॅमिक आवरण फोडून आत बघण्याचा मोह टाळा.

खोटा माल

जुन्या चिप्सना भाव आल्यापासून प्लास्टिकचा पृष्ठभाग घासून, काळा लेप देऊन नवं नाव छापण्याचे प्रकार वाढले आहेत. कडेपासून वरच्या बाजूपर्यंत पोत सारखा आहे का ते भिंगातून बघा. पहिल्या पायाजवळचा गोल खळगा लेपानं अर्धवट भरलेला असेल तर हात मागे घ्या. कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून एका कोपऱ्यात पुसून पाहतात. लेप असेल तर कापूस काळा होतो. पण ही परीक्षा साध्या प्लास्टिक नगावरच करा. सिरॅमिकवरची जुनी खरी शाईसुद्धा पुसली जाऊ शकते आणि मग तुमच्या हातात कोरा तुकडा उरतो.

तारखेचा मेळ हा सर्वांत चांगला पहारेकरी. १९७८ ची तारीख असलेला ८७५१ असू शकत नाही, कारण ८०५१ घराणंच १९८० चं. ॲटमेल कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली, तिचा फ्लॅश मेमरीचा एटी८९सी५१ आला १९९३ मध्ये. असे चार-पाच आकडे पाठ असले की दुकानात उभ्या उभ्या निर्णय होतो.

आतला प्रोग्रॅम

खिडकीवाल्या चिपमधला प्रोग्रॅम म्हणजे तरंगत्या गेटवर, म्हणजे चहूबाजूंनी विलग केलेल्या बारीक थरावर, अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो कायमचा नसतो. चार दशकं होत आली, त्यातली कित्येक वर्षं पत्र्याच्या गोडाऊनमध्ये गेली, आणि उष्णतेनं हा भार लवकर गळतो. म्हणून वाचता येत असेल तर लवकर वाचा आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा.

उन्हाचं तर विचारूच नका. इंटेलच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की उघडी खिडकी थेट उन्हात राहिली तर साधारण एका आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. ओट्यावर उन्हात चिप्स पसरून फोटो काढू नका. सावलीत, खिडकी झाकून काढा, उघडी ठेवायचीच तर मिनिटभरच.

वाचायला प्रोग्रॅमर यंत्र लागतं. आजचे स्वस्त यूएसबी प्रोग्रॅमर हे सगळे जुने नग घेत नाहीत. विकत घेण्याआधी त्यांची यादी बघा. आणि क्रमांकामागचं छोटं अक्षर वाचल्याशिवाय काहीही सुरू करू नका. जुना ८७४८ प्रोग्रॅम करायला २५ व्होल्ट घेतो, ८७४८एच २१ व्होल्ट. २७३२ आणि २७३२ए मध्येही हाच फरक. चुकीचा पर्याय निवडला आणि जास्त व्होल्टेज गेलं की चिप मेली. ८७५१एच मध्ये प्रोग्रॅम लपवण्याची सोय आहे. ती वापरलेली असेल तर वाचन होणार नाही. तिथे थांबा, पुसून परत वापरायच्या नादाला लागू नका.

उन्हाळा, कूलर, पावसाळा

होळीपासून जूनपर्यंत आपली हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा शर्ट काढतानाही ठिणगी उडते. तीच ठिणगी चिपला मारते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, सुती कपडे घाला आणि पट्टा ज्या अर्थिंगला जोडणार ते खरंच जमिनीत गेलं आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या; पुष्कळ घरांत तिसरा पाय नुसता शोभेचा असतो.

चिप्स थर्मोकोलात खोचणं बंद करा. काळा वाहक फोम नवा असताना चांगला, पण जुना झाला की चिकट होऊन पाय गंजवतो. मालासोबत आलेला जुना फोम लगेच काढून टाका. अँटिस्टॅटिक प्लास्टिकच्या नळ्या किंवा गुलाबी पिशव्या वापरा. रबरबँड कधीच लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदीचा मुलामा असलेले पाय काळे पडतात.

डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या, जागा घरातल्या सगळ्यांत थंड भिंतीलगतच्या कपाटात. कूलरच्या खोलीत नको. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर रात्रभर ओलावा सोडतो आणि दिवसा तीच खोली भट्टी होते. ही रोजची उलथापालथ पावसाळ्यापेक्षा वाईट. पुड्या जूनमध्ये आणि परत ऑगस्टमध्ये बदला.

पहिल्या वर्षी काय जमवावं

माझं मत विचाराल तर पहिल्याच वर्षी एक्ससी किंवा ईएसच्या मागे धावू नका. आधी एक घराणं पूर्ण करा: ८०३१, ८०५१, ८७५१, शक्य झालं तर इंटेलसोबत एएमडी, सिमेन्स आणि फिलिप्स यांचे नग. हे शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघितले की कुठली छपाई नेहमीची आणि कुठली वेगळी, हे डोळ्याला आपोआप कळू लागतं. ८०४८ साठी जुने कीबोर्ड उघडा. आयबीएम पीसीच्या मूळ कीबोर्डात तोच होता आणि पीसी एटीच्या मदरबोर्डवर कीबोर्ड सांभाळायला ८०४२ असायचा, त्यामुळे तशा जुन्या बोर्डांवर याच घराण्याचे नग मिळतात.

पाठीवर बेस असलेली एक चिप मात्र परवडेल तेव्हा जरूर घ्या, विकत घ्यावी लागली तरी. आपल्या भागात ती भंगारात क्वचितच येईल.

दुबार नग झाले की देवाणघेवाण सुरू होते. नग देताना त्याच्या नोंदीची प्रत सोबत द्या आणि घेताना मागा. समोरच्याला काहीच माहीत नसेल तर "माहिती नाही, अमुक व्यक्तीकडून, अमुक तारखेला" एवढं तरी लिहून घ्या. कुरिअरनं पाठवायचा असेल तर पाय अँटिस्टॅटिक फोममध्ये, खिडकी फॉइलनं झाकलेली, त्यावर कडक पुठ्ठ्याचा डबा, आणि डब्यात चिप हलत नाही ना हे कानाजवळ हलवून बघा. एप्रिल-मेमध्ये शुक्रवारी पार्सल देऊ नका, कारण शनिवार-रविवार ते एखाद्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहू शकतं. सोमवारी द्या.